ओवीत रमलेला इंग्रज पाद्री

‘ख्रिस्तपुराण’ हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते; परंतु ते रचणारा इंग्रज होता, हे कळले की तरुण वाचकांना अजूनही नवल वाटते. त्यांच्यासाठी आम्ही फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण करीत आहोत.

त्यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या अमलात कॅथलिक म्हणून जगणे तेथे धोक्याचे झाले होते. मित्र थॉमस पाउंड यांच्यासह रोमला जाण्याचा त्यांचा बेत होता; पण पाउंड पकडले गेले. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले, १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये लिस्बनहून गोव्यास आले.

पुढे सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीत सेवा केली. तेथील देवळे पाडली गेली होती व नवख्रिस्ती लोकांना पूर्वीची पुराणे वर्ज्य झाली होती. हा इतिहास लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, पण तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? प्रश्न रास्तच होता. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कथा गाऊन सांगितली जात होती, त्यांची भूक केवळ प्रश्नोत्तरांनी कशी भागावी?

स्टीफन्स यांनी उत्तर दिले ते ओवीतून. संत एकनाथ त्यांचेच समकालीन. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा, अशी ही गेय ओवी त्यांनी उचलली, तीत बायबलची कथा ओतली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले आणि दोन पुराणांत मिळून सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. १६१६ मध्ये हा ग्रंथ राशोल येथे छापला गेला, मात्र रोमन लिपीत. देवनागरी खिळे नव्हते. रविवारी व सणांच्या दिवशी लोक तो चर्चमध्ये गाऊ लागले.

१६१९ मध्ये फादर निवर्तले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषा सोडून देण्याचे फर्मान काढले. छापील प्रती नाहीशा झाल्या, तरी लोकांनी हाताने नकला करून ठेवल्या. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यात तो देवनागरीत आणला. पहिल्या छपाईनंतर तब्बल ३४० वर्षांनी!