श्रीमंत राजर्षी शाहू छत्रपती आणि खासबागेचे मैदान

चैत्र लागला म्हणजे आपल्या जिल्ह्यात गावोगाव कुस्त्यांचे फड भरू लागतात. येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा असो की एखाद्या लहान वाडीची जत्रा असो, देवाची पालखी फिरली की लोकांचे पाय फडाकडे वळतात. परंतु ह्या फडास स्वतःची अशी जागा बहुधा नसते. पीक निघालेले कोणाचे तरी रान तेवढ्या दिवसापुरते मागून घ्यावयाचे, माती मोकळी करावयाची, आणि मृग बरसला की तेथेच पुन्हा पाभर चालावयाची, असा हा क्रम आहे. पुढे बसलेल्यास कुस्ती दिसते, मागे उभा असलेला टाचा उंचावून दमतो. आणि रानाच्या धन्याची मर्जी सांभाळावी लागते ती निराळीच. खेळाला सर्वांची अशी कायमची जागा असावी, हा विचार आज साधा वाटतो. एका राजाने तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कसा अमलात आणला, तेवढेच आम्ही ह्या लेखात सांगणार आहोत. श्रीमंत शाहू छत्रपतींचे समग्र चरित्र ज्ञातिबांधवांस व भगिनींस परिचयाचे आहेच.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटगे घराण्यात झाला. मूळचे नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते करवीरच्या गादीवर दत्तक आले, राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले, आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. देह धिप्पाड, वृत्ती मोकळी, आणि तालमीचा नाद लहानपणापासूनचा. राजा असूनही लंगोट कसून मातीत उतरण्यात त्यांस कमीपणा वाटत नसे. अधिकार हाती येताच दूरदूरच्या मल्लांस त्यांनी आश्रय दिला. पंजाबातील नामांकित पहिलवान कोल्हापुरास येऊन राहू लागले. दूध, तूप आणि बदाम ह्यांचा खुराक दरबारातून चालू झाला. मल्ल पोसण्याची ही रीत आपल्याकडील राजेरजवाड्यांत जुनीच होती, आणि तेवढ्यावरच महाराज थांबते तर आम्हांस त्यांच्याविषयी ह्या प्रसंगी लिहिण्याचे कारण पडले नसते. मल्ल पोसणे निराळे आणि रयतेला मैदान देणे निराळे.

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराज विलायतेस गेले. त्या प्रवासात रोम शहरातील कलोसियम हे प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले. मध्यभागी खेळाची जागा आणि सभोवार चढत गेलेल्या बैठका, ही त्याची रचना त्यांच्या मनात ठसली. त्याच वर्षी २६ जुलै रोजी, महाराज परदेशी असतानाच, संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा त्यांचा प्रसिद्ध हुकूम निघाला. ह्या दोन गोष्टी एकाच सालच्या आहेत, इकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पुढे कोल्हापुरात खासबागेच्या जागी मैदान बांधण्याचे काम सुरू झाले आणि १९१२ साली ते खुले झाले. नावावरूनच ती राजाच्या खासगीकडील जागा हे उघड आहे. ती आता कुस्तीकडे आली. रोमची नक्कल मात्र महाराजांनी केली नाही. तेथील दगडी कमानींच्या मजल्यांऐवजी येथे मातीचा वर्तुळाकार उतार केला, आखाडा मधोमध ठेवला, आणि हजारो माणसे त्या उतारावर मांडी घालून बसतील अशी सोय केली. शेवटल्या रांगेतील शेतकऱ्यासही डाव व पेच पहिल्या रांगेइतकाच स्वच्छ दिसावा, हा त्यातील मर्म. मैदानाच्या आरंभीची गाजलेली कुस्ती गामाचे बंधू इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन ह्यांच्यात झाली व तीत इमामबक्ष विजयी झाले. लगतच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले ह्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

त्याच १९१२ साली मुंबईत काय चालले होते ते पाहावे. समुद्रकाठी पारशी, मुसलमान आणि हिंदू ह्यांच्या वेगवेगळ्या जिमखान्यांस सरकारने जागा दिलेल्या होत्या, आणि युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान असे चार संघ धर्मवार उभे करून क्रिकेटचे चौरंगी सामने त्या वर्षी सुरू झाले. हिंदूंचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज पाळवणकर बाळू हा जन्माने चांभार. त्याच्या चेंडूवर सामने जिंकावयाचे, पण कप्तानपद मात्र त्यास द्यावयाचे नाही, असा तो न्याय होता! धाकटा भाऊ विठ्ठल कप्तान झाला तो १९२३ साली.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. ज्ञातिवार संस्थांना उत्तेजन देणारे महाराजच नव्हते काय? होते. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांची सोय, १९०७ साली लिंगायत वसतिगृह, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी ती मालिका आहे. आपल्या मंडळासारख्या ज्ञातिसंस्थांस ह्या मालिकेचा आधार वाटतो आणि तो यथार्थ आहे. जो मुलगा शहरात येऊन कोणाच्या ओसरीवर टेकू शकत नव्हता, त्यास प्रथम स्वतःचे छप्पर हवे होते. पण मैदानाची वेळ आली तेव्हा महाराजांनी मराठ्यांचे एक, लिंगायतांचे एक, मुसलमानांचे एक अशी मैदाने काढली नाहीत. निजण्यास व अभ्यासास ज्ञातीचे घर, खेळण्यास सर्वांची एकच माती, असा हा भेद त्यांनी पाळला. ज्ञातिसंस्थांच्या आजच्या चालकांपैकी पुष्कळांच्या तो ध्यानात राहिलेला नाही, असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते.

६ मे १९२२ रोजी, वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, महाराजांचे मुंबईस देहावसान झाले. खासबागेतील कुस्त्या त्यामुळे थांबल्या नाहीत. त्यांच्या मागे वाढलेल्या कोल्हापूरच्या कुस्तीतच राजाराम कॉलेजचा विद्यार्थी खाशाबा जाधव तयार झाला आणि १९५२ साली हेलसिंकी येथे त्याने ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले. अलीकडे, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, नाट्यगृह आगीत भस्मसात झाले व मैदानाच्या व्यासपीठाकडील भागासही तिची झळ लागली.

आपला जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे करवीरचा हुकूम येथे कधी चालला नाही. पहिलवानास मात्र सरहद्द नसते. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा धाराशिवच्या श्री तुळजाभवानी क्रीडासंकुलात भरली, तेव्हा ज्यांच्या जत्रेचे फड अद्याप मागून घेतलेल्या रानात भरतात अशा गावांनाही तेथील आखाडा जवळचाच होता.