व्हॉल्व्हचा कारागीर : चार्ल्स थॉम्पसन

आवडत्या व्यक्तीवर लिहा, असं संपादक मंडळाने कळवलं. बहुतेकांनी पुढारी नाहीतर साहित्यिक निवडले असतील. मी शाळा सुटल्यापासून गोवंडीतच गॅरेजमध्ये राबलो, म्हणून माझा माणूस धंद्यातला आहे. अमेरिकेतला एक वेल्डर.

त्याची ओळख मला माझ्याच एका चुकीतून झाली. एका पद्मिनी टॅक्सीचं हेड उतरवलं होतं. पैसे वाचावेत म्हणून मी स्वस्तातला, बिनछापाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसवला. आठवड्यात त्याचं डोकं दांडीपासून तुटून पिस्टनवर आदळलं. टॅक्सीवाल्याचा तीन आठवड्यांचा धंदा बुडाला. त्याने मला शिवीसुद्धा दिली नाही, नुसता गाडीजवळ बसून राहिला. तेव्हापासून व्हॉल्व्हविषयी मिळेल ते मी वाचू लागलो.

सुरुवातीच्या मोटारींना हेच दुखणं होतं. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह हजार वेळा उघडतो आणि आपटून बंद होतो. त्यात एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळक्या वायूंत लालबुंद होतो. एकाच तुकड्यातून तो कोरायचा तर निम्म्याहून अधिक धातू भुशात जायचा. डोकं वेगळं करून दांडीवर बसवलं, तर ठोके खाऊन जोड ढिला व्हायचा.

चार्ल्स थॉम्पसनचा जन्म १८७० चा, व्हरमाँट राज्यातला. क्लीव्हलँड शहरात १९०१ साली निघालेल्या कॅप स्क्रूच्या एका छोट्या कंपनीत तो वेल्डर होता. तिथे बोल्टचं डोकं आणि दांडा विजेने वेल्ड करून जोडत. हीच रीत व्हॉल्व्हला लावता येईल, हे त्याने १९०४ च्या सुमारास ओळखलं. डोक्याला उष्णता सोसणारा धातू, दांडीला साधं पोलाद, आणि मध्ये पक्का वेल्ड. ऐकायला सोपं वाटतं. पण दोन वेगळ्या जातींचे धातू वेल्ड करून पाहा, म्हणजे कळेल. आमच्याकडे अजून निम्मे जोड थंड होताना तडकतात.

त्याच गावात अलेक्झांडर विंटन मोटारी बनवत असे. १९०३ साली अमेरिका खंड पहिल्यांदा ओलांडणारी मोटार त्याच्याच कारखान्यातली. त्याला हे व्हॉल्व्ह पटले. त्याने कंपनीत पैसा घातला आणि कारभार थॉम्पसनच्या हाती दिला. वेल्डरचा व्यवस्थापक झाला. पुढे मालकीही थॉम्पसनकडे आली आणि १९२६ मध्ये कंपनीला त्याचंच नाव लागलं.

नंतर विमानांच्या इंजिनांसाठी व्हॉल्व्ह आतून पोकळ करून त्यात सोडियम भरू लागले. तो वितळून आत खालीवर हिंदकळतो आणि डोक्याची उष्णता दांडीकडे नेतो. ही करामत सॅम हेरन या इंग्रज इंजिनिअरची, थॉम्पसनची नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या धंद्यात दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवायची फार सवय.

थॉम्पसन १९३३ साली गेला. कंपनी पुढे दुसऱ्या एका कंपनीत मिळून टीआरडब्ल्यू झाली. त्यातला टी म्हणजे हाच.

कार्यानुभवाच्या तासाला माझी पेटी चौकोनी का नाही, म्हणून सर रागावत. सर, तो तुटका व्हॉल्व्ह मी जपून ठेवलाय. मेळाव्याला येताना खिशात घालून आणतो. जोड कुठे चुकला ते तुम्हीच बघून सांगा.