अलेक्झांडर ग्रॅहाम बेल

अलेक्झांडर ग्रॅहाम बेल (३ मार्च, इ.स. १८४७ - २ ऑगस्ट, इ.स. १९२२) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले संशोधक व कर्णबधिरांचे शिक्षक होते. इ.स. १८७६ साली मिळालेल्या दूरध्वनीच्या पेटंटमुळे ते जगप्रसिद्ध झाले. मेंढ्यांच्या पैदाशीवरही त्यांनी अनेक वर्षे प्रयोग केले. चरित्रांत मात्र त्यांचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत संपतो.

जीवन

बेल यांचा जन्म एडिंबरा येथे झाला. दोन भाऊ क्षयाने दगावल्यावर इ.स. १८७० मध्ये कुटुंब कॅनडात स्थायिक झाले. पुढे बेल बॉस्टन येथे कर्णबधिर मुलांना शिकवू लागले. त्यांच्या आईला अत्यंत कमी ऐकू येई, तर पत्नी मेबल यांची श्रवणशक्ती बालपणी लोहितांग ज्वराने गेली होती.

मेंढ्यांचे प्रयोग

नोव्हा स्कॉशिया प्रांतातील बॅडेक गावाजवळ बेल यांनी उन्हाळी निवासासाठी जागा घेतली. तेथील कळपाचे निरीक्षण करताना त्यांना दिसले की, नेहमीच्या दोन सडांखेरीज जादा सड असलेल्या मेंढ्यांना जुळी कोकरे अधिक होतात. एका वेतात दोन कोकरे झाली आणि दोघांना पुरेल इतके दूध मिळाले, तर गरीब शेतकऱ्याचे उत्पन्न वाढेल, हा त्यांचा साधा हिशेब होता. इ.स. १८९० च्या सुमारास, म्हणजे मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात येण्याच्या दशकभर आधी, त्यांनी निवडपद्धतीने पैदास सुरू केली. कोकरांच्या वंशावळी व सडांची संख्या ते काटेकोरपणे नोंदवीत.

सडांच्या बाबतीत यश आले. पिढ्यांमागून पिढ्या निवड करून चार व पुढे सहा सडांच्या मेंढ्या तयार झाल्या. जुळ्यांचे प्रमाण मात्र त्या मानाने वाढले नाही. मेंढीचे वय आणि फळण्यापूर्वीचा आहार यांचा जुळ्यांवर मोठा परिणाम होतो. आनुवंशिकतेचा वाटा सामान्यतः लहान असतो. एक गुण निवडला म्हणजे त्याच्याबरोबर दिसणारा दुसरा आपोआप येईलच, असे नसते. बेल दांपत्याच्या मृत्यूनंतर आनुवंशशास्त्रज्ञ विल्यम कॅसल यांनी या नोंदींचे विश्लेषण इ.स. १९२४ मध्ये प्रसिद्ध केले.

वादग्रस्त भूमिका

पैदाशीचा हाच विचार बेल यांनी माणसांनाही लावला. कर्णबधिरांच्या आपसांतील विवाहांतून मानवाचा एक कर्णबधिर प्रकार निर्माण होईल, अशी भीती त्यांनी इ.स. १८८३ मध्ये एका निबंधात मांडली. खुणांच्या भाषेलाही त्यांचा विरोध होता. इ.स. १९२१ च्या आंतरराष्ट्रीय सुप्रजननशास्त्र परिषदेचे ते मानद अध्यक्ष होते. ज्यांच्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्या समाजात त्यांच्याविषयीची नाराजी आजही टिकून आहे आणि ती अकारण म्हणता येत नाही.

नंतरचे संशोधन

जुळ्यांवर मोठा प्रभाव टाकणारे एकेकटे जनुकही असू शकते, हे बेल यांच्या हयातीत ठाऊक नव्हते. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेंढ्यांतील फेक-बी हे असे जनुक असून त्यातील बदल इ.स. २००१ मध्ये निश्चित झाला. बंगालमधील लहानखुऱ्या गरोळ मेंढीतही ते आढळते. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने संकराद्वारे ते दख्खनी मेंढीत आणले.