खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म : गोळेश्वर, १५ जानेवारी १९२६, मृत्यू : १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ साली हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. शाळा आणि महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांनी कुस्तीचा सराव चालू ठेवला. पुढे या महाविद्यालयाचाच आधार त्यांना ऑलिंपिकच्या वाटेवर मिळाला.

बालपण

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यातल्या गोळेश्वर या गावी शेतकरी कुटुंबात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात कुस्तीचेच वातावरण असल्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना कुस्तीचे धडे देण्यास सुरुवात केली. त्यांची उंची बेताची आणि अंगकाठी सडपातळ होती. ताकदीपेक्षा चपळाई आणि डावपेच यांवर त्यांची कुस्ती उभी राहिली.

शालेय शिक्षण

१९४० साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, खाशाबांनी कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला. १९४७ पर्यंत ते या शाळेत होते. त्या काळी पश्चिम महाराष्ट्रात पैलवानकी करू पाहणाऱ्या मुलाची वाट ठरलेली असे. तालमीत राहायचे, वस्तादांच्या हाताखाली मेहनत करायची, जत्रांच्या फडात इनामाच्या कुस्त्या करायच्या आणि नाव झाले की एखाद्या संस्थानाचा आश्रय मिळवायचा. या वाटेवर मान होता, पण निश्चित उत्पन्न नव्हते. एखादी दुखापत झाली किंवा आश्रयदाता हरपला की खुराकाचीही भ्रांत पडे. शिक्षणाने नोकरीची शक्यता निर्माण होत असे. मात्र अभ्यास आणि शाळेची वेळ सांभाळून पैलवानाची मेहनत करणे सोपे नव्हते.

खाशाबांनी या दोहोंपैकी एकाचीही साथ सोडली नाही. कुस्तीमुळे त्यांचा अभ्यास मागे पडला नाही. अभ्यासात ते चांगले विद्यार्थी म्हणून ओळखले जात. पोहणे, धावणे, वजन उचलणे आणि हातोडाफेक यांतही त्यांना गती होती. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

हीच वर्षे स्वातंत्र्यलढ्याचीही होती. १९४२ च्या छोडो भारत चळवळीत विद्यार्थी असलेल्या खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, पत्रके वाटणे अशी कामे केली. सातारा जिल्ह्यात त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्या वातावरणात वाढलेल्या या तरुणाने स्वातंत्र्यानंतर ऑलिंपिकमध्ये तिरंगा फडकवण्याचे ध्येय समोर ठेवले.

राजाराम महाविद्यालय

पुढील शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. राजर्षी शाहू महाराजांनी दिलेल्या आश्रयामुळे कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी मानली जात होती. महाविद्यालय आणि कुस्तीच्या तालमी एकाच गावात असल्याने शिक्षण आणि सराव दोन्ही चालू ठेवणे तेथे शक्य होते.

तरीही सुरुवात सोपी नव्हती. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत कुस्तीसाठी नाव देण्यास ते गेले, तेव्हा त्यांची लहानखुरी शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला. खाशाबांनी थेट प्राचार्यांकडे जाऊन परवानगी मिळवली आणि आपल्याहून धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांना हरवले. यानंतर महाविद्यालय त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

लंडन ऑलिंपिक (१९४८)

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर खाशाबांची सारी कुस्ती तांबड्या मातीत झाली होती. मातीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चितपट करणे हाच निकाल असे आणि जोड नजरेच्या अंदाजाने लावली जाई. ऑलिंपिकमध्ये मॅटवर, ठरावीक वेळेत, गुणांच्या हिशेबाने आणि वजनगटानुसार कुस्ती होते. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना या पद्धतीचे प्रशिक्षण दिले. फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवल्यानंतर इराणच्या मन्सूर रईसीकडून ते पराभूत झाले आणि सहाव्या क्रमांकावर राहिले. नव्या पद्धतीशी नुकतीच ओळख झालेल्या मल्लाने मिळवलेले हे यश लक्षणीय होते.

निवड आणि निधीचा प्रश्न

पुढील चार वर्षे खाशाबांनी फ्लायवेटऐवजी वरच्या बँटमवेट (५७ किलो) गटासाठी तयारी केली. १९५२ च्या ऑलिंपिकपूर्वी मद्रास येथे झालेल्या स्पर्धेत एका गुणाच्या फरकाने त्यांची निवड हुकली. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांच्या पुढाकाराने निरंजन दास यांच्याशी त्यांची पुन्हा लढत लावण्यात आली आणि ती जिंकून खाशाबांनी संघातील जागा मिळवली.

निवड झाली, पण जाण्यासाठी पैसे नव्हते. कोल्हापूर संस्थान मार्च १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले होते, त्यामुळे चार वर्षांपूर्वीचा राजाश्रय आता उरला नव्हता. मुंबई सरकारकडे मागितलेले साहाय्यही वेळेवर मिळाले नाही. अशा वेळी राजाराम महाविद्यालयातील त्यांचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गोळेश्वर आणि परिसरातील लोकांनी वर्गणी जमवली. घर गहाण पडल्यामुळे हेलसिंकीची वारी ही खाशाबांवरची मोठी जबाबदारीही ठरली.

हेलसिंकी ऑलिंपिक (१९५२)

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाचा एड्रियन पोलिकिन, मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्टो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांना हरवले. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह यांच्याविरुद्ध ते पराभूत झाले. इशीने या गटाचे सुवर्णपदक, तर मामेदबेकोव्हने रौप्यपदक मिळवले. इशीशी झालेल्या दमवणाऱ्या लढतीनंतर खाशाबांना पुरेशी विश्रांती न देताच मामेदबेकोव्हविरुद्ध उतरवण्यात आले. नियमावर बोट ठेवून त्यांची बाजू मांडण्यास कोणी भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांचे कांस्यपदक निश्चित झाले. याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथ्या क्रमांकावर राहिले, तर भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले.

मायदेशी परतल्यावर कराड रेल्वे स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढण्यात आली. सत्कारानंतर खाशाबांनी पहिले काम केले ते कर्ज फेडण्याचे. कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवण्यात आले. खाशाबांनी तेथे कुस्त्या जिंकल्या आणि आलेला पैसा प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवण्यासाठी दिला.

पोलीस सेवा आणि अखेरची वर्षे

ऑलिंपिक पदकानंतरही खाशाबांना स्थिर नोकरीसाठी तीन वर्षे वाट पाहावी लागली. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उतरण्याची संधी हुकली. पोलीस दलात त्यांनी २७ वर्षे सेवा केली, क्रीडा प्रशिक्षणाचेही काम पाहिले आणि सहायक पोलीस आयुक्त या पदापर्यंत पोहोचून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योत दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले होते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले.

वारसा आणि सन्मान

खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ४४ वर्षे वाट पाहावी लागली. १९९६ साली टेनिसपटू लिअँडर पेस यांनी ते मिळवले. कुस्तीतील पुढचे पदक २००८ साली सुशील कुमार यांनी जिंकले.

महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार आणि भारत सरकारचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही त्यांना मरणोत्तर मिळाले. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील कुस्ती संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा केला जातो.