डॉ. बाबासाहेब आंबेडकर : वतनापासून सामाजिक विम्यापर्यंत

फेब्रुवारी 1941 मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली व तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. परिषदेच्या नावातील ‘वतन’ हा शब्द मूळ अरबीत जन्मभूमीचा वाचक. मराठीत तो वंशपरंपरागत हक्काचा वाचक झाला. महारांच्या बाबतीत मात्र या ‘हक्का’चा अर्थ गावाची अष्टौप्रहर चाकरी असा होता. मोबदला म्हणजे थोडी जमीन आणि बलुते. तेही गावाच्या मर्जीवर अवलंबून.

बाबासाहेबांचे बालपण वेगळ्या आधारावर गेले. त्यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ यांना लष्करी सेवेचे निवृत्तिवेतन मिळे. गावाच्या दयेवर न चालणारे हे उत्पन्न होते. चरित्रकार या तपशिलावर फारसे थांबत नाहीत, आपण थांबावे.

1928 मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले; ते संमत झाले नाही. त्याच वर्षी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकास त्यांनी पाठिंबा दिला व 1929 मध्ये तो कायदा झाला.

जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत कोळसा खाण कामगारांसाठी कल्याणनिधी उभा राहिला, प्रा. अदारकर यांनी आरोग्यविम्याचा अहवाल 1944 मध्ये सादर केला आणि 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. अदारकर अहवालातूनच पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा घडला. मात्र युद्धकाळात स्त्रियांना भूमिगत खाणींत उतरविण्यावरील बंदी सरकारने उठविली व तिचे समर्थन मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनाच करावे लागले. 1946 मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. गौरवग्रंथ हा प्रसंग सहसा टाळतात. अभ्यासकाने टाळू नये.

1947 च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकास वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असे सुचविले. राज्यघटनेत एवढे उतरले नाही. अनुच्छेद 41 मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्याचे तत्त्व आले. पण ते राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, आणि मार्गदर्शक तत्त्व असल्याने न्यायालयातून अंमलात आणता न येणारे. याच तत्त्वाला अनुसरून 1995 मध्ये राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातील 60 ते 79 वयोगटातील वृद्धांसाठीचा केंद्राचा मासिक वाटा दीर्घकाळ 200 रुपयांवर थांबला. विमा कायद्याचा भर कारखान्यांवर राहिल्याने अवर्षणग्रस्त मराठवाड्यातील शेतमजूर त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

बाबासाहेबांचे 6 डिसेंबर 1956 रोजी निधन झाले. त्याच वर्षी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले होते. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा 1958 मध्ये, त्यांच्या विधेयकानंतर तीस वर्षांनी आला.