थाट आणि राग : पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे जीवनकार्य

आपल्या सभासदांच्या घरी दिवेलागणीच्या वेळी पेटीवर आरोह-अवरोह घोकणाऱ्या मुलामुलींचे सूर आता नित्याचे झाले आहेत. संगीताच्या परीक्षा द्याव्यात, प्रमाणपत्र मिळवावे, ही आज प्रतिष्ठेची गोष्ट मानली जाते. दीडशे वर्षांपूर्वी अशी स्थिती नव्हती. सुशिक्षित घरातील मुलाने गाणे शिकणे म्हणजे वाया जाणे, असाच समज होता. हा पालट ज्या थोड्या पुरुषांच्या परिश्रमांनी घडून आला, त्यांत पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव अग्रभागी आहे. परंतु त्यांच्या नावावर जी दहा थाटांची पद्धती मुले पाठ करतात, तिचा खरा हेतू काय होता, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही. तो हेतू त्यांच्या चरित्रातच स्पष्ट दिसतो.

पंडितजींचा जन्म मुंबईत वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. बालपणीच त्यांना बासरीचा नाद लागला. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना त्यांनी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतारीचे शिक्षण घेतले. १८८५ साली ते बी. ए. व १८८७ साली एल्‌एल. बी. झाले. काही काळ कराचीस आणि नंतर मुंबईस त्यांनी वकिली केली. मुंबईतील पारशी गृहस्थांनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीशी त्यांचा संबंध १८८४ पासूनच जडला होता. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी शेकडो ध्रुपदे मिळविली. अली हुसेन, विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल शिकून घेतले.

वकिलाच्या बुद्धीला एक गोष्ट मात्र सारखी खटकत असे. एकच राग दोन गवई दोन प्रकारे गात, आणि कारण विचारले असता आपल्या घराण्याकडे बोट दाखवीत. जुन्या ग्रंथांत सहा पुरुष राग, त्यांच्या भार्या व पुत्र असा मोठा संसार मांडलेला होता; पण अमुक रागिणी अमुक रागाची भार्या का, याचे स्वरांवरून उत्तर मिळत नसे. ग्रंथ एकीकडे आणि गाणे दुसरीकडे, अशी ही फारकत होती. ती मिटविण्याचा त्यांनी निश्चय केला.

याच सुमारास त्यांच्यावर दारुण आघात झाले. १९०० साली त्यांची पत्नी निवर्तली आणि १९०३ साली एकुलती एक कन्याही गेली. दुसरा एखादा अशा प्रसंगी खचून गेला असता. पंडितजींनी घर व व्यवसाय यांचा पाश सोडला आणि उर्वरित आयुष्य संगीतास वाहिले. १९०४ साली ते दक्षिणेच्या यात्रेस निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा करीत ते एट्टयपुरमला पोहोचले व तेथे सुब्बराम दीक्षितर यांना भेटले. सतराव्या शतकातील व्यंकटमखी याने बारा स्वरांच्या आधारे ७२ मेळांची जी गणिती रचना केली होती, तिचे महत्त्व त्यांना या यात्रेत पूर्णपणे उमगले. १९०७ व १९०८ साली नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, अलाहाबाद, काशी, लखनौ, जयपूर अशी भ्रमंती झाली. जेथे पोथी असेल तेथे ती उतरून घ्यावी, जेथे गवई असेल तेथे त्याचे गाणे ऐकावे, हाच त्यांचा क्रम होता.

या श्रमांतून त्यांची थाटपद्धती आकारास आली. थाट हा शब्द सतारीशी निगडित आहे. सतारीचे पडदे सरकवून विशिष्ट स्वरांवर बसविले, की तो एक थाट झाला. पडदे लागले, पण वादन अजून सुरू झालेले नाही. थाटाचे स्वरूप नेमके इतकेच आहे. त्यात सात स्वर क्रमाने असावे लागतात, परंतु तो गोड लागला पाहिजे असे बंधन नाही, कारण थाट कोणी गात नाही. हिंदुस्थानी पद्धतीने असे ३२ थाट संभवतात; पण प्रचारातील रागांची सोय पाहून पंडितजींनी दहाच निवडले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी.

रागाची गोष्ट अगदी निराळी आहे. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर लागतात, आणि तेही सारे शुद्ध. पेटीच्या पट्ट्या पाहून दोहोंतील भेद सांगता येणार नाही. परंतु भुपात गंधार वादी असतो, गाणे खालच्या अंगाने खुलते आणि ते रात्रीच्या पहिल्या प्रहरी शोभते. देशकारात धैवत वादी, वरच्या अंगावर जोर आणि वेळ सकाळची. देशकार गाताना गायक गंधारावर रेंगाळला, की श्रोत्यांस भुपाची छाया दिसू लागते. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही असेच आहे. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, असे तिघांचेही तेच सहा स्वर. पण मारव्यात रिषभ व धैवत प्रबळ, पुरियात गंधार व निषाद, तर सोहनी तार सप्तकाकडे धाव घेणारी. स्वर तेच, त्यांची चाल, त्यांवरील मुक्काम आणि त्यांचा परस्परसंबंध बदलला, की राग बदलतो.

पंडितजींच्या पद्धतीवर पुढे अनेक विद्वान गायकांनी आक्षेप घेतले. दहा थाटांत सारे राग मावत नाहीत, हा त्यांतील मुख्य आक्षेप होय. आणि तो खोटा नाही. ललतात दोन मध्यम लागोपाठ येतात आणि पंचम मुळीच नसतो. पंडितजींनी तो मारवा थाटात घातला, पण पुष्कळ गायक त्यात कोमल धैवत घेतात. अहिर भैरवाच्या पूर्वांगात भैरव तर उत्तरांगात काफी आहे. तथापि, थाट म्हणजेच राग असे पंडितजींनी कधीही मानले नाही. तसे असते, तर दहा थाट मांडून झाल्यावर त्यांनी स्वस्थ बसावयास हरकत नव्हती.

ते स्वस्थ बसले नाहीत. राग हा बंदिशीत जिवंत असतो, हे त्यांनी ओळखले होते. आणि बंदिशी तर उस्तादांच्या कंठात होत्या. वृद्ध गायक गेला की त्याच्याबरोबर त्याची विद्याही जाई. म्हणून जयपूरच्या मोहम्मद अली खाँ कोठीवाल यांच्या घराण्याच्या चिजा त्यांनी मिळविल्या. रामपूर दरबारी जाऊन वजीर खाँ यांच्याकडून विद्या घेतली. आपली स्वरलेखनपद्धती वापरून त्यांनी हा ठेवा ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत प्रसिद्ध केला. त्यांतील चिजांची संख्या १८०० च्या घरात जाते. सिद्धांत संस्कृतात ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ या ग्रंथात आले. त्यांचे सविस्तर विवेचन मात्र त्यांनी मराठीत, गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’च्या चार भागांत केले. हिंदुस्थानी संगीताचा हा पायाभूत ग्रंथ आपल्या भाषेत आहे, याचा आपणांस अभिमान वाटावयास हवा.

१९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिचे सूत्रचालन पंडितजींकडे होते. पुढे दिल्ली, काशी व लखनौ येथे परिषदा झाल्या. ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय १९१८ साली, तर लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६ साली निघाले. लखनौची संस्था आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. तिची धुरा त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ वाहिली. १९३३ साली पंडितजींना पक्षाघात झाला आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. १९६१ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

त्यांचे खरे स्मारक मात्र आपल्या घरी पेटीपुढे बसलेले मूल आहे. त्या मुलाला आरोह-अवरोह पाठ येऊ लागला, की आपण कौतुकाने राग आला म्हणतो. वास्तविक तेव्हा केवळ पडदे लागलेले असतात. त्याला गुरूसमोर बसवावे, एक चीज नीट गळ्यावर चढवून घ्यावी, तीच पुनःपुन्हा म्हणू द्यावी, आणि एके दिवशी भूप म्हणताना आपण देशकारात का शिरलो, हे त्याचे त्यालाच कळावे. ज्याची पत्नी व कन्या काळाने हिरावून नेली, अशा एका पुरुषाने गावोगाव हिंडून परक्यांच्या मुलांसाठी हे धन जमा केले. ते पुस्तकांत जपून ठेवण्याकरिता नव्हते. गळ्यांत उतरावे, एवढ्याचसाठी होते.