दर्यावर नजर ठेवणारा सरखेल : कान्होजी आंग्रे



वर्गात आरमार म्हटलं की मुलं शिवाजी महाराजांचं नाव घेतात आणि तिथंच थांबतात. महाराजांनंतर ते आरमार कुणी जगवलं, हेही त्यांना सांगायला हवं.

कान्होजींचा जन्म १६६९ चा. मूळ आडनाव संकपाळ, आंगरवाडी या गावावरून आंग्रे झालं. वडील तुकोजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजी हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर पुढे आले. नंतर कुलाबा किल्ला त्यांचं मुख्य ठाणं झाला. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठवलं, तर कान्होजींनी त्यांनाच कैद केलं! मग बाळाजी विश्वनाथ आले. त्यांनी बोलणी केली आणि १७१३ मध्ये कान्होजी शाहूंच्या बाजूला आले, सरखेलपद कायम झालं.

किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजानं कान्होजींचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचा. नसेल तर जहाज पकडलं जाई. इंग्रज याला चाचेगिरी म्हणत. स्वतः मात्र तेही परवाने देत होते, पोर्तुगीजही देत होते! हे मुलांना जरूर सांगा.

पण दस्तक नसलेलं जहाज आधी दिसायला तर हवं ना? इथं किल्ले कामाला येत. खांदेरी मुंबईच्या तोंडाशीच, त्यामुळे बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर तिथून नजर राही. कुलाब्यासमोर किनाऱ्यावर हिराकोट. सुवर्णदुर्गासमोर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. हे किनाऱ्यावरचे छोटे कोट म्हणजे पाण्यातल्या मोठ्या दुर्गाचे डोळेच म्हणा. शत्रू दिसला की गुराबा निघत. वारा पडला तर वल्ह्यांची गलबतं त्यांना ओढून नेत.

१७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, फसला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर आले, तोही फसला. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागेत आहे.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. आनंदच आहे. पण कुलाबा त्यात नाही, आणि किनाऱ्यावरचे ते छोटे कोटही नाहीत. हिराकोटात तुरुंग आला. कनकदुर्गावर आता दीपस्तंभ आहे आणि थोडेफार अवशेष उरलेत. फत्तेगडावर तर वस्तीच झाली. तिथल्या लोकांना दोष द्यायचा नाही, त्यांची घरं आहेत ती. पण निदान उरलेल्या भिंती आणि बुरूज तरी नोंदवून जपायला हवेत की नको?

हर्णैला सहल नेलीत तर होडीत बसण्याआधी मुलांना कनकदुर्गावर न्या. समोर सुवर्णदुर्ग दिसतो. इथल्या पहारेकऱ्याला काय काय दिसत असेल, ते वहीत काढायला सांगा.